प्रेसमड आपला, पडदा परका

वाशी म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे साखरेचा भाव उभा राहतो. वाशीच्या घाऊक बाजारात क्विंटलमागे चार पैसे उतरले, की इकडे पारावर चर्चा सुरू होते आणि पुढच्या हप्त्याचं काय, म्हणून माणसं शेतकी खात्यात डोकावू लागतात. गेल्या महिन्यात आम्ही त्याच नवी मुंबईला जाऊन आलो. काम मात्र साखरेचं नव्हतं. वायू गाळणारा पडदा पाहायला आम्ही गेलो होतो.

वायू गाळायचा म्हणजे काय, असा प्रश्न आपल्याला पडेल. आम्हालाही पडला होता. पण प्रेसमडपासून सीबीजी, म्हणजे दाबून भरलेला शुद्ध बायोगॅस, तयार करण्याचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे आलेला आहे आणि येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तो आपल्यापुढे येणार आहे. त्यात टाक्या आहेत, पंप आहेत, पाइप आहेत; ते आपल्या कामगारांना नवीन नाही. नवीन आहे ती एकच गोष्ट. कच्चा वायू शुद्ध करणारं यंत्र. प्रकल्पाचा नफा-तोटा बव्हंशी तिथेच ठरणार, आणि नेमकं त्याच बाबतीत आपण सगळे अडाणी. म्हणून हा लेख.

प्रेसमडाचा हिशेब

आधी शब्दाचा घोटाळा मिटवू. काही गावांत प्रेसमडला मळी म्हणतात, काही ठिकाणी मोलॅसिसला मळी म्हणतात. या लेखात आम्ही बोलतो आहोत ते रस निवळल्यावर गाळणीवर राहणाऱ्या काळ्या गाळाबद्दल. शंभर टन ऊस गाळला तर तीन ते चार टन प्रेसमड निघतो. रोज पाच हजार टन गाळप धरलं, तर साधारण पावणेदोनशे टन. पंचवीस टन प्रेसमडामागे एक टन शुद्ध वायू, असा ढोबळ हिशेब या धंद्यातली माणसं सांगतात. म्हणजे दिवसाला सात टन.

हा वायू आपल्याला अनोळखी नाही. मुंबईत माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून असा वायू काढलेला होता. पुढे गोबर गॅसच्या रूपाने तो आपल्या परसात आला आणि कैक घरच्या चुली त्याने धुरातून सोडवल्या. चुलीला तो जसा निघेल तसा चालतो. त्यात साठ टक्क्यांच्या आसपास मिथेन असतो, तो जळतो. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, तो जळत नाही, नुसता सोबत येतो. चुलीचं त्यावाचून अडत नाही. गाडीचं अडतं. गाडीच्या टाकीत निम्मी जागा न जळणाऱ्या वायूने अडवली तर गाडी जाणार किती? म्हणून भारतीय मानक ब्युरोने २०१६ साली मानक क्रमांक १६०८७ घालून दिलं. मिथेन किमान ९० टक्के, कार्बन डायऑक्साइड ४ टक्क्यांच्या वर नाही, गंधक घनमीटरला २० मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि ओल जवळजवळ शून्य. १ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्र सरकारने 'सतत' योजना सुरू केली आणि तेल कंपन्यांनी हा वायू विकत घ्यायचं ठरलं, तो या मानकाप्रमाणे असेल तरच. शहरांना गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या विक्रीत ठरावीक हिस्सा या वायूचा ठेवावा, असंही पुढे ठरलं: २०२५-२६ साली १ टक्का आणि वाढत वाढत २०२८-२९ पासून ५ टक्के. म्हणजे गिऱ्हाईक आहे. कोपरगावच्या सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे साखर कारखान्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा प्रकल्पाचं उद्घाटनही झालं. सहकाराला हे जमत नाही, असं आता कोणाला म्हणता येणार नाही.

प्रश्न उरतो तो गाळण्याचा. साठ टक्क्यांचे ९० टक्के करायचे कसे?

ठाणे-बेलापूर रस्त्यावर

नवी मुंबईत जाण्याचं कारण सांगतो. ठाण्यापासून बेलापूरपर्यंतची पट्टी म्हणजे या महाराष्ट्राचं रसायनांचं आगर. एकेकाळी तिथे भातशेती आणि मिठागरं होती. साठच्या दशकात नोसिलचा नाफ्था फोडण्याचा कारखाना तिथे उभा राहिला, त्याला लागून प्लॅस्टिकचे कारखाने आले. तो नाफ्थाचा कारखाना आज राहिला नाही, पण त्या पट्टीत दोन पिढ्या पॉलिमरवर वाढलेली माणसं राहिली. १९७० साली सिडको स्थापन झाली, शहर वसलं. पलीकडे उरणला मुंबई हायचा वायू समुद्राखालच्या नळातून येतो आणि तिथे त्याचे घटक वेगळे केले जातात. वायू वेगळे करणं हा त्या मुलखाचा रोजचा व्यवसाय आहे. म्हणून विचारायचं तर तिथेच.

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात आम्ही गेलो. बाहेरून आलेले पडदे नळकांड्यांसकट बसवून देणं आणि बिघडलेले तपासणं हे त्यांचं काम. तिथला अभियंता सातारा जिल्ह्यातला, उसवाल्याचाच मुलगा निघाला. त्याने वापरून निकामी झालेलं एक नळकांडं आडवं कापून आमच्यापुढे ठेवलं. आत पिवळ्याधमक धाग्यांचा जुडगा. हजारो धागे, आणि एकेक आतून पोकळ. आमच्याबरोबर आलेले एक जुने सभासद वाकून बघत म्हणाले, "आरं, ह्या तर मक्याच्या कणसाच्या मिशा!"

"दिसायला तशाच, आबा," तो म्हणाला, "पण या मिशांतून कार्बन डायऑक्साइड गाळला जातो. याला पॉलिइमाइड म्हणतात."

पडदा म्हणजे काय

आता हे जरा सावकाश वाचावं. अवघड वाटेल, पण उसाच्या मोळीपेक्षा अवघड नाही.

पॉलिइमाइड हे एक प्रकारचं प्लॅस्टिक. दोन तऱ्हेचे रेणू एकाआड एक साखळीच्या कड्यांसारखे जोडून ते तयार होतं. उष्णतेला फार टिकतं. उपग्रहाच्या चित्रात जो सोनेरी कागद गुंडाळलेला दिसतो तो याच जातीचा. अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीने तो साठच्या दशकात बाजारात आणला. याच्या साखळ्या ताठ असतात, सहजी वाकत नाहीत. इथेच सगळं मर्म आहे. ओल्या दोरांचा ढीग करा, दोर एकमेकांवर बसतात, फटी राहत नाहीत. वाळलेल्या उसाच्या कांड्या कशाही टाका, मध्ये फटी राहतातच. पॉलिइमाइडमध्ये ताठ साखळ्यांच्या मध्ये तशा सूक्ष्म फटी राहतात आणि साखळ्यांच्या हालचालीने त्या उघडतात, मिटतात.

किती सूक्ष्म? एका मिलिमीटरचे एक कोटी भाग करा. त्यातले ३.३ भाग एवढा कार्बन डायऑक्साइडचा रेणू, आणि ३.८ भाग एवढा मिथेनचा. फरक अर्ध्या भागाचा. शिवाय कार्बन डायऑक्साइड त्या प्लॅस्टिकमध्ये मिथेनपेक्षा जास्त विरघळतो. लहान आहे आणि सलगीचाही आहे, म्हणून तो भराभर पार होतो. पाण्याची वाफ त्याहूनही लवकर जाते. मिथेन मात्र मागे राहतो. दहा ते सोळा पट वातावरणाच्या दाबाने कच्चा वायू या पोकळ धाग्यांतून सोडला, की नको असलेला वायू धाग्याच्या भिंतीतून बाहेर पडतो आणि दुसऱ्या टोकाला मिथेन हाती येतो. ना पाणी, ना रसायन. फक्त दाब.

रबरातून काही वायू लवकर जातात, काही उशिरा, हे ग्रॅहॅम या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८६६ सालीच दाखवलं होतं. पण त्याचा धंद्याला उपयोग नव्हता, कारण पडदा जाड असेल तर वायू गोगलगाईच्या गतीने जातो आणि पातळ केला तर फाटतो. ही गाठ सुटली १९६० च्या सुमारास, आणि ती सोडवणाऱ्या दोघांपैकी एक होते भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन. कॅलिफोर्नियात लोब आणि सौरिराजन यांनी खारं पाणी गोडं करण्यासाठी असा पडदा केला की ज्याचं अंग सच्छिद्र, जाड आणि मजबूत, पण वरची साय मात्र अतिशय पातळ. गाळायचं काम साय करते, भार अंग सोसतं. आजच्या वायूच्या पडद्यातही हेच आहे. धाग्याची ही साय आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. धागा काढण्याची रीत आपल्या घरच्या बायकांना चटकन समजेल. सोऱ्यातून शेवया पाडाव्यात तसा द्रव बारीक छिद्रातून दाबायचा, छिद्राच्या मध्यभागी दुसरा द्रव सोडून पोकळी राखायची, आणि लगेच पाण्यात सोडायचा. पाण्यात तो गोठतो. सोपं वाटतं, पण साय एका जागी जरी फाटली तरी तिथून मिथेन निसटतो.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत मोन्सँटोने अशा धाग्यांनी हायड्रोजन वेगळा करून दाखवला. त्याच दशकात जपानच्या उबे कंपनीने पॉलिइमाइडचे धागे आणले. ऑस्ट्रियात लेन्झिंग गावी पी-८४ नावाचा पॉलिइमाइड निघाला, त्याच्या पिशव्या सिमेंट कारखान्यांत गरम धुरातली धूळ धरायला वापरतात. इव्होनिक या जर्मन कंपनीने त्याच जातीच्या पॉलिइमाइडचे बायोगॅससाठी खास पडदे २०११ पासून बाजारात आणले आणि युरोपातल्या पुष्कळ शेतकऱ्यांच्या बायोगॅस प्रकल्पांवर ते बसले.

सगळं एकदम मिळत नाही

इथपर्यंत ऐकून आमच्यातले एक संचालक म्हणाले, "मग घेऊन टाकू की!" त्या अभियंत्याने त्यांना थांबवलं. त्याचं म्हणणं आम्ही जसं समजलो तसं मांडतो.

पहिली गोष्ट. चाळणीची भोकं मोठी केली तर धान्य भराभर पडतं, पण खडाही पडतो. बारीक केली तर खडा अडतो, पण चाळत बसावं लागतं. पडद्याचंही तसंच. साखळीत आडदांड तुकडे घातले तर फटी मोठ्या होतात, वायू पटपट जातो, पण निवड ढिली होते. घट्ट साखळी केली तर निवड चोख, पण पडदा जास्त लागतो आणि खर्च वाढतो. १९९१ साली रोबेसन या अमेरिकन संशोधकाने त्या काळापर्यंतच्या सगळ्या पडद्यांचे आकडे एका कागदावर मांडले आणि दाखवलं की एका रेषेच्या पलीकडे जवळजवळ कोणीच गेलेलं नाही. २००८ साली त्यालाच ती रेषा थोडी पुढे सरकवावी लागली. जगभरचे पडदे रचणारे आज झटतात ते ही रेषा ओलांडण्यासाठी. कोणी विक्रेता 'आमच्या पडद्याला तोड नाही' म्हणाला, तर तो कुठे मागे हटला आहे ते विचारावं. कुठेतरी हटलेला असतोच.

दुसरी गोष्ट. पावसाळ्यात गुळाची ढेप जशी ओलसर, मऊ पडते, तसा हा पडदा कार्बन डायऑक्साइडच्या जास्त दाबाखाली फुगून मऊ पडतो. मग साखळ्या सैल होतात आणि मिथेनही वाट काढतो. त्यावर उपाय म्हणून साखळ्या एकमेकींना मध्ये मध्ये बांधून टाकतात. मोळीला आणखी दोन बंध घालावेत, तसं. उलट, कणगीतलं धान्य जसं काही दिवसांनी खाली बसतं, तशा साखळ्याही कालांतराने बसतात, फटी कमी होतात आणि पडदा मंद होतो. नवा असताना दिलेला आकडा पाच वर्षांनी तसाच राहत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या घरची. आपल्या राज्यातले बहुतेक कारखाने रस निवळायला गंधकाचा धूर वापरतात. ते गंधक प्रेसमडात येतं आणि प्रेसमडाच्या वायूत सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड होऊन निघतं. तो आधी काढावा लागतो. ओल काढावी लागते. वायू दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या तेलाचे तुषार अडवावे लागतात. आमच्यापुढे कापून ठेवलेलं नळकांडं तेलानेच गेलं होतं. एका ठिकाणी कोळशाची गाळणी वेळेवर बदलली नाही, आणि वर्षं काढायला हवा होता तो पडदा चौदा महिन्यांत भंगारात. "पडदा मरत नाही, काका, मारला जातो," असं तो मुलगा म्हणाला. ते वाक्य आमच्या मनात घर करून राहिलं आहे.

गळती किती, तर एवढी

कोणी म्हणेल, थोडा मिथेन निसटला तर काय बिघडलं? हिशेब करू. दिवसाला सात टन वायू, वर्षाला तीनशे दिवस. शंभरात दोन निसटले तर रोज १४० किलो, वर्षाला ४२ हजार किलो. २०१८ साली ठरलेला ४६ रुपये किलोचा भाव धरला तरी वर्षाला १९ लाख ३२ हजार रुपये हवेत. शंभरात पाच निसटले तर ४८ लाखांवर. ही रक्कम कोणाच्या खिशातून गेली? तुमच्या-आमच्या उसाच्या दरातून. शिवाय मिथेन हवेत गेला, की वातावरण तापवण्यात तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट भारी. एकदाच गाळणारा स्वस्त साचा घेतला तर गळती पुष्कळ होते. तीन टप्प्यांत गाळून मधला वायू परत फिरवला तर शंभरातले नव्व्याण्णव भाग हाती लागतात, असं बनवणारे सांगतात. पण त्याला पडदे जास्त आणि वीजही लागते, दर घनमीटर कच्च्या वायूला पाव युनिटच्या आसपास.

आम्ही पडद्याचे भक्त होऊन परत आलो, असा समज कोणी करून घेऊ नये. पाण्याने धुऊन कार्बन डायऑक्साइड काढता येतो. कोळशाच्या चाळणीत दाब चढवून-उतरवून काढता येतो. आपल्या देशात हीच पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे आणि तिची दुरुस्ती गावपातळीवर होऊ शकते. पडद्याला जागा कमी, हलणारे भाग कमी, आणि वायू दाबासकट बाहेर येतो हा फायदा. तोटा हा की पडदा फाटला, तर आपल्या वर्कशॉपला त्यात काही करता येत नाही. परदेशातून नवा यायचा, न्हावा-शेव्याला उतरायचा, आणि तोवर आपला वायू जाळून टाकायचा. गळीत हंगाम कोणासाठी थांबत नाही, आणि उघड्यावर साठवलेल्या प्रेसमडाचा कस दिवसागणिक उतरत जातो.

आमचं म्हणणं

या प्रकल्पाला आमचा विरोध नाही. उलट तो झाला पाहिजे. साखरेच्या एका भावावर किती दिवस जगायचं? पण 'सगळं ठेकेदार बघेल, आपण फक्त चावी फिरवायची' हा जो सूर काही मंडळी लावतात, त्याला आमचा ठाम विरोध आहे. आसवनी उभारताना, वीजनिर्मिती उभारताना आपण हेच ऐकलं होतं. चावी आपल्या हातात होती, पण कुलूप कसं चालतं ते माहीत नव्हतं. दुरुस्तीची बिलं आली तेव्हा कळलं.

नवी मुंबईतून परतताना उरण फाट्याकडे बोट दाखवून त्या मुलाने आठवण करून दिली. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याच्या परिसरात आपल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांपैकी पाच जणांनी गोळीबारात प्राण दिले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातूनच, ज्याची जमीन गेली त्याला साडेबारा टक्के विकसित जमीन परत, हे तत्त्व पुढे आलं. त्याचा अर्थ आम्ही असा लावतो, की कच्चा माल देणाऱ्याचा तयार मालातही वाटा असतो. तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही. आपल्यावर गोळ्या झेलायची वेळ नाही. आपल्याला फक्त सभेत हात वर करून विचारायचं आहे. तेवढं तरी करू.

म्हणून आमच्या चार सूचना.

एक. प्रेसमड हा सभासदाचा आहे. आजवर तो खत म्हणून शेतात परत येत होता. वायू काढल्यावर त्यातला कार्बन जातो, पण नत्र, स्फुरद, पालाश मागे राहतात. ते खत ज्याचा ऊस त्याला, उसाच्या प्रमाणात, ठरल्या दराने परत मिळालं पाहिजे. हे करारात लिहा, भाषणात नको.

दोन. शुद्धीकरणाच्या निविदेत पडद्याची नुसती किंमत बघू नका. पाचव्या वर्षी किती वायू गाळेल, किती मिथेन निसटेल, नवा पडदा किती दिवसांत येईल आणि काय भावाने, हे आकडे लेखी घ्या. आणि पडद्याच्या आधीची गंधक, ओल, तेल काढणारी यंत्रणा हलकी करून निविदा स्वस्त दाखवणाऱ्याला दारातून परत पाठवा. गोठा न बांधता जर्सी गाय आणण्यासारखं ते होईल.

तीन. सही करण्याआधी आपल्याच प्रेसमडाच्या वायूवर लहान नळकांडं लावून एक पूर्ण हंगाम चाचणी करा. युरोपात मक्याच्या वायूवर काय झालं त्यावरून गंधकाच्या प्रेसमडाचं भविष्य सांगता येत नाही. नवी जात आपण आधी एका सरीत लावून बघतो, की सगळं रान एकदम?

चार, आणि ही आमच्या मते सर्वांत मोठी. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आहे आणि तिथे पॉलिमरच्या पडद्यांवर अनेक वर्षं काम चाललेलं आहे. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून आहे, ती तर आपल्याच पैशावर उभी राहिलेली. माटुंग्याला रसायन तंत्रज्ञानाची संस्था १९३३ पासून आहे. राज्यातल्या सहकारी कारखान्यांनी टनामागे अगदी थोडी वर्गणी काढून या संस्थांना एकत्र बसवावं आणि प्रेसमडाच्या वायूला सोसेल असा पॉलिइमाइडचा पडदा इथे रचायला सांगावा. एक कारखाना हे करू शकत नाही. सगळे मिळून करू शकतात. सहकार म्हणजे नुसता काटा, चिमणी आणि निवडणूक नव्हे.

काहींना हसू येईल. 'उसवाले आता प्लॅस्टिक रचणार का?' असं म्हणतील. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला, तेव्हाही धोतर नेसणारा माणूस साखर काय करणार, म्हणून हसणारे होतेच. त्यांच्या हसण्याचं काय झालं ते आपण बघतो आहोत.

शेवटचं

निघताना आमच्याबरोबरच्या त्या जुन्या सभासदांनी अभियंत्याला विचारलं, "तू आमच्याकडं येशील का रं, ह्यो पडदा सांभाळायला?" तो हसला. म्हणाला, "आबा, मी आलो तर एकटा येईन. त्यापेक्षा तुमच्या गावची दोन पोरं इकडं पाठवा. मी शिकवतो. परत आली तर तुमची."

याचं उत्तर आम्ही त्याला दिलं नाही, कारण ते उत्तर आमचं एकट्याचं नाही. सभासदांच्या मुला-मुलींत रसायनशास्त्र शिकणारी पुष्कळ आहेत. त्यातली बरीचशी पुण्या-मुंबईत औषधांच्या कंपन्यांत कुठेतरी चिकटतात. त्यांपैकी दोघांना कारखान्याच्या खर्चाने वर्षभर पाठवावं, असा ठराव आम्ही सभेत मांडणार आहोत. या खर्चाला पैसा कुठून आणायचा, असं कोणी विचारलं, तर वर गळतीचा जो हिशेब दिला आहे तो पुन्हा वाचावा.

सभासद बंधू-भगिनींनो, सभेची नोटीस निघेल तेव्हा ती चहाच्या कपाखाली ठेवू नका. प्रकल्पाचं टिपण मागून घ्या, समजलं नाही तर विचारा, समजेपर्यंत विचारा. आम्हाला चार दिवसांपूर्वी काहीच कळत नव्हतं. आज निदान काय विचारायचं एवढं तरी कळतं.